कोलंबियात पपई देऊ नका

वाचकाचं पत्र: ताई, नमस्कार. मी कोथरूडची, वय ५८, मिस्टर ६३, त्यांना बीपीची गोळी चालू आहे. पुढच्या महिन्यात आम्ही लेकीकडे ह्यूस्टनला दोन महिने जातोय, आणि मधेच तिने ११ दिवसांची कोलंबियाची ट्रिप ठरवून टाकलीय, बोगोटा, मेडेयीन आणि कार्ताहेना. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सांगितलं तर सगळे म्हणाले वेड लागलंय का, तिथे दिवसाढवळ्या लुटतात, ड्रग्जवाल्यांचा देश आहे. मंगळसूत्र घालू की नको? आम्ही शाकाहारी, खाणार काय? शिवाय तिकडे भेटल्यावर गालाला गाल लावतात म्हणे, ह्यांना ते जन्मात जमायचं नाही. जाऊ की लेकीला नको म्हणून सांगू?

उत्तर:

ताई, आधी उत्तर देऊन टाकते, जा. मी बोगोटात पावणेतीन वर्षं राहिलेय, नवऱ्याच्या नोकरीमुळे, आणि तुमच्या ग्रुपवर एकदा विचाराच की तुमच्यापैकी तिकडे कोण कोण जाऊन आलंय, बघा कशी शांतता पसरते. चोऱ्या होतात का, तर होतात. माझीही झाली, ते सांगतेच.

तिथे एक म्हण आहे, "नो दार पापाया". शब्दशः अर्थ पपई देऊ नकोस. म्हणजे कापून सोलून पपई कुणाच्या समोर ठेवलीस तर तो उचलणारच, मग रडू नकोस. लोक गमतीत हिला अकरावी आज्ञा म्हणतात, बायबलातल्या दहांच्या पुढची, आणि बारावी आज्ञा अशी की ठेवलेली पपई खाल्ली जाणारच. मी तिकडे जाऊन तीन आठवडे झाले होते, बस स्टॉपवर उभी राहून मोबाईलवर मॅप बघत होते, मान खाली, एका हातात फोन दुसऱ्या हातात भाजीची पिशवी, आणि एक सायकलवाला बाजूने गेला आणि हात रिकामा. एवढंच. मला कळायला दोन सेकंद लागले. शेजारी फळांची गाडी लावणारी एक बाई होती, साठीची असेल, ती धावत आली, मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, आणि मग अगदी प्रेमाने म्हणाली, "आय सुमर्से, दियो पापाया", म्हणजे अगं बाई, पपई दिलीस की गं. आणि तिच्या गाडीवर समोरच पपयांचा ढीग! तेव्हा रडू येत होतं, आता हसू येतं.

तर तुमचं मंगळसूत्र ही पपई आहे ताई. सोन्याचं सगळं, पाटल्या, चेन, ह्यांची अंगठी, ह्यूस्टनला लेकीच्या कपाटात ठेवून मगच विमानात बसा. अगदीच गळा ओका वाटत असेल तर नुसते काळे मणी दोऱ्यात ओवून घाला, तिकडे कुणाला कळतही नाही, माझ्या काळ्या मण्यांना शेजारीण "काय छान माळ आहे" म्हणायची. फोन रस्त्यात हातात धरून चालायचं नाही, बघायचाच असेल तर दुकानात शिरा, भिंतीला पाठ लावा, बघा, आत टाका, मग बाहेर. टॅक्सीत बसल्यावर सिग्नलला खिडकी खाली करून फोटो काढत बसायचं नाही, मोटारसायकलवाले खिडकीतून हात घालतात. हॉटेलात टेबलावर फोन ठेवून गप्पा नकोत, आणि पर्स खुर्चीच्या पाठीला लटकवायची नाही, मांडीवर घ्या नाहीतर पट्टा खुर्चीच्या पायात अडकवा. मिस्टरांना सांगा की मागच्या खिशात पाकीट ठेवायची चाळीस वर्षांची सवय ११ दिवसांपुरती मोडा. ओरिजिनल पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत, जवळ झेरॉक्स आणि मोबाईलमध्ये फोटो. आणि एवढं करूनही कुणी समोर उभं राहून मागितलंच तर देऊन टाका, वाद घालायचा नाही, हिसकाहिसकी तर बिलकुल नाही, फोन नवा येतो.

टॅक्सी रस्त्यात हात दाखवून थांबवायची नाही, हा नियम मात्र कुठल्याही परिस्थितीत मोडू नका, पाऊस असला तरी. तिकडे "पासेओ मियोनारिओ" नावाचा प्रकार आहे, नाव काय तर लखपती सहल, रस्त्यात पकडलेल्या टॅक्सीत थोडं अंतर गेल्यावर आणखी दोन जण चढतात आणि तुम्हाला एटीएम ते एटीएम फिरवून खातं रिकामं करतात. गाडी ॲपवरून किंवा हॉटेलकडून मागवा, एअरपोर्टवर अधिकृत टॅक्सीच्या रांगेतूनच घ्या. आता एक गंमत सांगते नाहीतर घाबराल. उबरचा ड्रायव्हर बहुतेक विचारेल, एकजण पुढे बसता का? तो चोर नाही. तिकडे उबरचं कायद्यात धड बसत नाही, त्यामुळे पोलिसांना ती ओळखीपाळखीची गाडी वाटावी म्हणून पुढे बसवतात. जावयाला बसवा पुढे.

पैसे काढायचे तर दिवसा, मॉलच्या आतल्या मशीनमधून, थोडेच. बारमध्ये किंवा कुठेही अनोळखी माणसाने आग्रहाने दिलेलं पेय, सिगरेट, चॉकलेट घ्यायचं नाही, स्कोपोलामिन नावाचं औषध घालतात, तिकडे त्याला बुरुंदांगा म्हणतात, माणूस चालतो बोलतो पण शुद्धीत नसतो, स्वतःच पिन नंबर सांगून टाकतो. हे जास्त करून रात्रीच्या पार्ट्या आणि डेटिंग ॲपवाल्या एकट्या पुरुषांच्या बाबतीत होतं, तुमचा तसा संबंध नाही, पण जावयाच्या कानावर असू दे. साध्या वेशातला कोणी "पोलीस आहे, नोटा तपासायच्यात" म्हणाला तर पाकीट काढू नका, "काई" म्हणा. काई म्हणजे चौकातली छोटी पोलीस चौकी, तिथे चला म्हटलं की नकली असेल तो सटकतो. इमर्जन्सी नंबर १२३.

झालं घाबरवून. आता जे मला खरं सांगायचंय ते. सेफ्टी वेगळी आणि मॅनर्स वेगळे असं तिकडे नसतं. मला कोणी वाचवलं असेल तर बिल्डिंगच्या वॉचमनने आणि कोपऱ्यावरच्या वाण्याने, आणि त्यांनी वाचवलं कारण मी त्यांना रोज "ब्वेनास" म्हणायचे. हा शब्द आधी पाठ करा. "ब्वेनोस दियास" हे पूर्ण, सकाळचं, पण नुसतं "ब्वेनास" दिवसभर चालतं. लिफ्टमध्ये शिरलात, ब्वेनास. दुकानात, डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये, टॅक्सीत, सगळीकडे आधी ब्वेनास आणि मग काम. आपण पुण्यात दुकानात शिरून थेट "अर्धा किलो साखर" म्हणतो ना (आणि दुकानदारही पेपरातून मान वर काढत नाही), ते तिकडे फार उद्धट वाटतं. मी पहिले पंधरा दिवस तसंच करायचे आणि मला वाटायचं हे लोक तुसडे आहेत. तुसडी मी होते. ब्वेनास सुरू केल्यावर तोच वाणी एका संध्याकाळी काउंटर सोडून बाहेर आला आणि म्हणाला, बाई, आज त्या पुलाखालून जाऊ नका, दोन पोरं उभी आहेत मघापासून, वरच्या रस्त्याने जा. कुठल्या ॲपमध्ये येतं हे?

बोगोटात "उस्तेद" म्हणजे आपलं अहो-जाहो, आणि ते सगळ्यांना चालतं, नवरा-बायको सुद्धा एकमेकांना उस्तेद करतात, आई पोराला उस्तेद म्हणते, कुत्र्याला उस्तेद म्हणताना मी ऐकलंय. त्यामुळे तुम्हाला चुकायची भीतीच नाही, सरसकट अहो-जाहो करा. त्याहून गोड म्हणजे "सुमर्से", ती फळवाली मला म्हणाली तो शब्द, मुळात "आपली कृपा" असा काहीतरी जुना दरबारी अर्थ आहे पण आता त्यात नुसती माया उरलीय. दुकानदार "आ ला ओर्देन" ओरडतात, म्हणजे हुकूम करा, त्याचा अर्थ घ्यायलाच पाहिजे असा नाही, हसून "ग्रासियास" म्हणून पुढे चला. आणि कॉफी मागताना लोक म्हणतात "मे रेगाला उन तिंतो", मला एक काळी कॉफी भेट द्या! भेट वगैरे काही नसते, पैसे द्यायचे असतात, माझा नवरा एकदा खरंच थँक्यू म्हणून निघाला होता. "आओरिता" म्हणजे आत्ता, पण आपल्याकडचा प्लंबर "आत्ता निघालो" म्हणतो तेवढंच आत्ता. 

गालाचं म्हणाल तर बायका-बायका आणि बाई-पुरुष उजव्या गालाला गाल टेकवतात एकदा, पुरुष-पुरुष हात मिळवतात. हे सगळं ओळखीच्या लोकांत, हॉटेलवाल्याशी वगैरे नाही. मिस्टरांनी आधीच हात पुढे केला की प्रश्न मिटला, किंवा सरळ हसून नमस्कार करू देत, लोकांना भारी आवडतो. एक मात्र लक्षात ठेवा, हे कुणी सांगत नाही. नातवंडं असतीलच, कुणी विचारलं केवढी आहेत तर आपण तळहात जमिनीकडे करून दाखवतो ना, एवढी झालीय, तसं करायचं नाही. तळहात आडवा पालथा म्हणजे तिकडे गाय-कुत्र्याची उंची. माणसाची उंची दाखवताना हात उभा धरायचा, करंगळीची कड खाली आणि अंगठा वर. मी माझ्या भाचीची उंची कुत्र्यासारखी दाखवली तेव्हा अख्ख्या टेबलावर हशा.

ड्रग माफिया पाब्लो एस्कोबारचा विषय काढायचा नाही. त्याच्यावरची सिरीज बघून येतात लोक आणि टॅक्सीवाल्याला पहिलं तेच विचारतात, टीशर्ट घेतात, पावडरीचे विनोद करतात. तो १९९३ च्या डिसेंबरात मेडेयीनला छपरावर मारला गेला, पण त्याआधी त्या शहरात घराघरातलं कुणी ना कुणी गेलंय. त्याची मोनाको नावाची बिल्डिंग होती, पर्यटक तिथे सेल्फी काढायला लागले म्हणून २०१९ मध्ये शहराने ती स्फोट करून पाडली आणि तिथे बळी गेलेल्यांसाठी बाग केली, यावरून काय ते समजा. बॉम्बस्फोटात माणूस गमावलेल्या मुंबईकराला कुणी हसत हसत दाऊदबद्दल विचारलं तर कसं वाटेल. त्याऐवजी मेट्रोचं कौतुक करा, १९९५ ची आहे, देशातली पहिली, आणि मेडेयीनवाल्यांना तिचा इतका अभिमान की डब्यात कुणी खात नाही, खरवडत नाही, तुम्हा दोघांना बघून चार पोरं उठून जागा देतील. तिकिटातच पुढे रोपवेला बसून डोंगरावरच्या वस्त्यांवरून जाता येतं. मेडेयीनमधल्या कोमुना १३ नावाच्या वस्तीत जायचं तर दिवसा आणि तिथल्याच राहणाऱ्या गाईडबरोबर. २०११ मध्ये तिथे उघड्यावरचे सरकते जिने बसवले, त्याआधी लोक शेकडो पायऱ्या चढायचे, गाईड स्वतःच्या घराची गोष्ट सांगतो ती ऐका.

कार्ताहेनाला वेगळं डोकं लागतं. तिथे लुटारूंपेक्षा गोडबोले जास्त. बीचवर बाई येते, "फक्त नमुना" म्हणत खांद्याला तेल लावायला लागते, आणि मग मसाजचं बिल. कुणी शिंपला उघडून हातात देतो, चव बघा फुकट, मग चार शिंपल्यांचे पैसे सांगतो की डोळे पांढरे. तुम्ही शाकाहारी, सुटलात. एकदाच "नो, ग्रासियास" म्हणायचं, थांबायचं नाही, समजावत बसायचं नाही. डोक्यावर फळांची पाटी आणि रंगीत झगे घातलेल्या बायका दिसतील, त्यांना पालेंकेरा म्हणतात, गुलामगिरीतून पळालेल्या लोकांनी वसवलेल्या सान बासिलिओ दे पालेंके गावाची त्यांची परंपरा. फोटो काढायचा तर आधी विचारा, आधी पैसे ठरवा, लांबून चोरून काढलात तर ओरडा खाल, आणि बरोबरच आहे त्यांचं.

खाण्याचं. "मांस नाही" एवढंच सांगितलं तर कोंबडी आणतील, कोंबडी नको म्हटलं तर हॅम, कारण तिकडे ही सगळी वेगवेगळी खाती आहेत. लेकीला एक वाक्य कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घ्यायला लावा, "नो कोमेमोस कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो, नी हामोन" आणि वेटरच्या हातात द्या. सूप कसलंही असलं तरी ते हाडांच्या पाण्यात केलंय का विचारा, राजम्यात डुकराचा तुकडा असतो. पण आरेपा म्हणजे मक्याची जाड भाकरी चीज घालून, पांदेबोनो म्हणजे चीजचे गरम गोळे, कच्च्या केळ्याचे चपटे पाताकोन, किनाऱ्यावर नारळाचा भात, मसूर, अंडी चालत असतील तर प्रश्नच नाही. कैरीच्या फोडी मीठ-लिंबू लावून गाडीवर मिळतात, तिखट तेवढं पुडीत बांधून न्या. चटणी-मेतकूट न्याच, तिकडचं जेवण अजिबात तिखट नसतं. बोगोटा आणि मेडेयीनला नळाचं पाणी पितात लोक, कार्ताहेनाला बाटलीचं घ्या.

आणि आग्वापानेला प्या. पानेला म्हणजे गूळ, ताई, आपला गूळ! कोल्हापूरच्या गुऱ्हाळासारखंच उसाचा रस आटवून करतात, जगात सगळ्यात जास्त गूळ भारतात होतो आणि दुसरा नंबर कोलंबियाचा. आमच्या वॉचमनच्या घरी पहिल्यांदा गेलो, गावाच्या टोकाला दोन खोल्यांचं घर, पत्र्याचं छप्पर, बाहेर पाऊस, आणि त्याच्या बायकोने न विचारता गरम गुळाचं पाणी लिंबू पिळून पुढे केलं, वर चीजचा तुकडा. चीज त्यात बुडवायचं, ते ताणलं जातं मग चमच्याने खायचं. माझी आजी उन्हातून आलेल्या माणसाला गूळपाणी द्यायची तेच हे, फक्त थंडीतलं. मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. कुणी दिलं तर नको म्हणू नका, दोन घोट तरी घ्याच, नाही म्हटलेलं लागतं त्यांना. (रस्त्यात अनोळखी माणसाने दिलेलं वेगळं आणि घरात यजमानाने दिलेलं वेगळं, हे तुम्हाला सांगायला नको.)

बिलाबद्दल दोन गोष्टी. वेटर विचारेल सर्व्हिस धरू का, ती १० टक्के टीप, ऐच्छिक असते, सगळं ठीक असेल तर "सी" म्हणा. मग कार्ड घेऊन विचारेल "आ क्वांतास क्वोतास", लोक इथे गोंधळतात. तो विचारतोय किती हप्त्यांत! तिकडे लोक पिझ्झाही हप्त्यावर घेतात. "उना" म्हणा, एकच. आणि भाव सांगताना लोक हजार हा शब्द गाळतात, वीस म्हणाले म्हणजे वीस हजार पेसो, दचकू नका.

आता कागदपत्रं आणि तब्येत. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असेल आणि त्याची मुदत पुढे किमान १८० दिवस शिल्लक असेल तर कोलंबियाचा वेगळा व्हिसा लागत नाही, पण नियम बदलत असतात म्हणून तिकीट काढण्याआधी कोलंबियाच्या दूतावासाच्या साइटवर लेकीला बघायला सांगा. फॉर्म इंग्रजीत भरताना देशाच्या नावात दोन्हीकडे ओ लिहा, यू नाही, त्या यू ने ते लोक फार चिडतात (देवनागरीत आपण सुटलो). निघण्याआधीच्या ७२ तासांत चेक-मिग नावाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा, तो फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली तर नकली समजा.

यलो फीव्हरचं, म्हणजे डासांमुळे होणाऱ्या त्या तापाचं, आधीच बघा. तुमची तिन्ही शहरं जंगलात नाहीत, पण २०२५ मध्ये तोलिमा भागात साथ आली होती आणि सरकारने आरोग्य आणीबाणी जाहीर केली होती. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, भारतात सरकारमान्य ठराविक केंद्रांवरच मिळते, अपॉइंटमेंट घ्यावी लागते. पण साठीच्या पुढच्या माणसांना ह्या लसीचा त्रास व्हायची शक्यता जास्त असते, त्यामुळे मिस्टरांना द्यायची का नाही हे मी ठरवणार नाही आणि ग्रुपनेही ठरवू नये, तुमच्या डॉक्टरांना विचारा. कोलंबियाहून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि ही लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसलं तर क्वारंटाइन करू शकतात, म्हणून परतीच्या आधी ह्यूस्टनला आठवडाभर तरी राहा, तुमच्या बेतात ते बसतंय.

बोगोटा २६४० मीटरवर आहे. कळसूबाईच्या माथ्यावर आणखी हजार मीटर रचा म्हणजे बोगोटा, आणि तुम्ही समुद्रसपाटीच्या ह्यूस्टनहून थेट तिथे उतरणार. पहिला दिवस काहीही करायचं नाही. जिना हळू, पाणी भरपूर, जेवण हलकं, गोळी वेळेवर, डोकं दुखलं तर पडून राहायचं, दम लागला किंवा छातीत काही वाटलं तर लाजायचं नाही, लगेच डॉक्टर. मोनसेर्रातेचा डोंगर ३१५२ मीटर, तो शेवटच्या दिवशी, आणि रोपवेने. खरं तर लेकीला सांगा क्रमच उलटा करा, आधी कार्ताहेना, मग १५०० मीटरवरचं मेडेयीन, मग बोगोटा, शरीराला पायरी पायरीने चढवता येईल. बोगोटात रविवार पकडा, सकाळी सात ते दुपारी दोन मोठे रस्ते गाड्यांना बंद करून सायकली आणि चालणाऱ्यांना देतात, १९७४ पासून चालू आहे, मिस्टर मॉर्निंग वॉकवाले असतील तर परत यायला तयार होणार नाहीत. कपडे मात्र पाचगणीच्या पावसाळ्यासारखे लागतात, स्वेटर आणि छत्री, आणि त्याच बॅगेत कार्ताहेनासाठी सुती साडी.

आणि हो, बाजारात पिवळ्या सालीचं काटेरी पिताया नावाचं फळ मिळेल, आत पांढरा गर, काळ्या बिया, साखरेसारखं गोड. फळवाली विचारेल उद्या प्रवास आहे का. मला वाटलं गप्पा मारतेय, मी आख्खी दोन खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी सहा तासांच्या बसमध्ये बसले. तुम्ही अर्धंच खा.